वाचकांचे प्रश्न : ऑफिसातल्या सगळ्या संगणकांवर ऑटोकॅड एकसारखं कसं ठेवायचं?

या अंकातले सगळे प्रश्न ऑटोकॅड या ड्रॉइंग काढण्याच्या प्रोग्रामबद्दलचे असून वास्तुरचना, बांधकाम आणि इंटिरिअरच्या ऑफिसांतून आले आहेत. कमांड, फाइलींची नावं आणि फोल्डरचे पत्ते इथे देवनागरीत छापले आहेत. संगणकावर ते इंग्रजी अक्षरांतच टाइप करावेत आणि फोल्डरच्या नावात मोकळी जागा ठेवू नये.

प्रश्न : आमच्या नाशिकच्या ऑफिसात सात संगणकांवर ऑटोकॅड आहे. एकच ड्रॉइंग दोन टेबलांवरून प्रिंट केलं तर भिंतींच्या रेषांची जाडी वेगळी येते. टायटल ब्लॉकचा फॉन्ट बदलतो. आमची बटणं काही जणांच्या रिबनवर दिसतात, काहींच्या नाही. नवीन मुलगा रुजू झाला की त्याचं मशिन लावण्यातच दिवस जातो. सर्व्हर नाही, एक नॅस (नेटवर्कला जोडलेली सामायिक डिस्क) आहे. काय करावं?

उत्तर : ऑटोकॅड आपल्या बहुतेक सेटिंग्ज विंडोजमधल्या ज्याच्या त्याच्या खात्यात ठेवतं. प्लॉट स्टाइलच्या, म्हणजे कोणत्या रंगाची रेष किती जाड छापायची हे सांगणाऱ्या सीटीबी फाइली, प्लॉटरच्या (मोठ्या प्रिंटरच्या) सेटिंग्जच्या पीसी3 फाइली आणि मेनूची सीयूआयएक्स फाइल ‘अ‍ॅपडेटा’ या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात, बाकीचं बरंचसं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत असतं. सात खाती म्हणजे सात स्वतंत्र प्रती. पहिल्या दिवशी त्या सारख्या असतात. मग कोणी घाईत एका ड्रॉइंगसाठी 7 नंबरच्या रंगाची जाडी बदलतो, फाइलचं नाव तेच राहतं, आणि तिथून वाटा वेगळ्या होतात. म्हणून प्रोग्राम प्रत्येकाच्या डिस्कवर राहू द्या, पण ऑफिसच्या सेटिंग्जचा मूळ संच एकाच जागी ठेवा आणि त्यात लिहिण्याचा हक्क फक्त एका-दोघांना द्या. बाकीचे फक्त वाचतील. हा हक्क सगळ्यांना खुला ठेवला, तर पुढे सांगितलेलं सगळं दोन महिन्यांत विस्कटेल.

नॅसवर ‘कॅड’ नावाचा शेअर करा आणि त्यात टेम्प्लेट, प्लॉटस्टाइल, प्लॉटर, फॉन्ट, ब्लॉक, लिस्प (ऑटोकॅडमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम), मेनू असे फोल्डर ठेवा. त्यांत काय जाणार हे आधी कागदावर ठरवा. सातही मशिनवरून एकच ए1 शीट छापा, शेजारी शेजारी लावा आणि कोणतं बरोबर ते ठरवा. ज्या मशिनचं शीट निवडलं, तिथे ‘स्टाइल्समॅनेजर’ ही कमांड द्या, म्हणजे सीटीबीचं फोल्डर थेट उघडेल. ‘प्लॉटरमॅनेजर’नं पीसी3 फाइलींचं फोल्डर उघडतं. तिथून फाइली उचला. ऑफिसच्या सीटीबीला स्वतःचं वेगळं नाव द्या. ‘मोनोक्रोम’ हे नाव ठेवलं तर ऑटोकॅडसोबत येणाऱ्या त्याच नावाच्या फाइलशी गल्लत होते.

ऑटोकॅडला थेट नॅसचा पत्ता देता येतो, पण आमचा सल्ला तसा नाही. नॅसवरचा संच प्रत्येक संगणकाच्या सी ड्राइव्हवर ‘ऑफिसकॅड’ या फोल्डरमध्ये रोज आपोआप उतरवा आणि ऑटोकॅडला तो पत्ता द्या. सगळीकडे पत्ता एकच राहतो, साइटवर नेलेल्या लॅपटॉपवरही सगळं चालतं, आणि वीज जाऊन नॅस बंद पडला तरी काम अडत नाही. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही फाइलींची नक्कल करणारी कमांड यासाठी पुरेशी आहे. नोटपॅडमध्ये ही एक ओळ लिहून बॅट फाइल करा :

रोबोकॉपी \\नॅस\कॅड सी:\ऑफिसकॅड /एमआयआर /आर:1 /डब्ल्यू:1 /एफएफटी

विंडोजच्या ‘रन’ चौकटीत ‘शेल:कॉमन स्टार्टअप’ टाइप केलं की जे फोल्डर उघडतं, त्यात ही फाइल ठेवा. मग लॉगइन होताच ती चालेल. ‘एमआयआर’ म्हणजे हुबेहूब प्रतिबिंब. मूळ संचात नसलेली फाइल ती प्रतीतून पुसून टाकते. याचा फायदा असा, की कोणी स्वतःच्या मशिनवर सीटीबीत फेरफार केला तरी पुढच्या लॉगइनला मूळ फाइल परत येते. धोकाही त्यातच आहे. या फोल्डरमध्ये कोणीही कामाचं ड्रॉइंग ठेवू नये, ते जाणारच. ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ विसरू नका. ते नसतील तर रोबोकॉपी अडलेल्या फाइलसाठी दर 30 सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करत बसते. ‘एफएफटी’ फाइलींच्या वेळेतला दोन सेकंदांचा फरक माफ करते. काही नॅसना ती सूट लागते, नाहीतर रोज सगळ्याच फाइली नव्यानं उतरतात.

आता एका मशिनवर ‘ऑप्शन्स’ उघडा आणि ‘फाइल्स’ टॅबवर जा. ‘सपोर्ट फाइल सर्च पाथ’मध्ये फॉन्ट, लिस्प आणि ब्लॉकचे फोल्डर जोडून यादीत सर्वांत वर न्या, कारण एकाच नावाच्या दोन फाइली असतील तर आधी सापडेल ती वापरली जाते. ‘प्रिंटर सपोर्ट फाइल पाथ’खाली पीसी3, पीएमपी (पीसी3च्या जोडीची, कागदाच्या आकारांची फाइल) आणि प्लॉट स्टाइल यांचे तीन वेगळे पत्ते आहेत. तिथे जुने पत्ते काढून फक्त ऑफिसचे ठेवा, म्हणजे प्रिंटच्या यादीत भलती नावं दिसणार नाहीत. ‘टेम्प्लेट सेटिंग्ज’मध्ये फोल्डरसोबत ‘क्यून्यू’ या नवीन ड्रॉइंग उघडण्याच्या कमांडसाठीची टेम्प्लेट फाइलही नेमून द्या. ती जागा रिकामी राहिली तर नवीन ड्रॉइंग कोणत्या टेम्प्लेटवर उघडेल ते ठरलेलं नसतं आणि मग कोणी इंचात, कोणी मिलिमीटरमध्ये काम सुरू करतो. ‘ट्रस्टेड लोकेशन्स’मध्ये लिस्पचं फोल्डर टाका, नाहीतर दर वेळी इशाऱ्याची चौकट येईल.

तुमची बटणं ‘एंटरप्राइज कस्टमायझेशन फाइल’ म्हणून जोडा. तशी जोडलेली फाइल वापरणाऱ्याला बदलता येत नाही. ज्याची त्याची सीयूआयएक्स वेगळी राहते, म्हणजे आवडीची बटणं तो तिथे ठेवू शकतो. हे स्वातंत्र्य जरूर द्या. माणसाच्या हाताला बसलेले शॉर्टकट काढून घेऊन ऑफिसला काही मिळत नाही. एंटरप्राइज फाइलमध्ये बदल करायचा असेल, तेव्हा ज्याच्याकडे हक्क आहे त्यानं एक वेगळी प्रोफाइल (ऑप्शन्समधल्या सेटिंग्जचा नाव दिलेला संच) करावी आणि तिच्यात तीच फाइल मुख्य म्हणून जोडावी.

प्लॉटरबाबत दोन खड्डे आहेत. पहिला पीएमपीचा. तुम्ही स्वतः तयार केलेले कागदाचे आकार, म्हणजे रोलवरचं लांब शीट वगैरे, पीसी3 फाइलमध्ये नसतात. ते तिच्या जोडीच्या पीएमपी फाइलमध्ये असतात. नुसती पीसी3 नेली की ते आकार गायब होतात. दोन्ही फाइली न्या, मग प्लॉटर कॉन्फिगरेशन एडिटरमध्ये ‘पीएमपी फाइल नेम’वर जाऊन सी ड्राइव्हवरच्या पीएमपीशी जोडणी पुन्हा करा. अशी दुरुस्त केलेली पीसी3 लगेच नॅसवर टाका, नाहीतर उद्या सकाळी रोबोकॉपी जुनीच फाइल परत आणेल. दुसरा खड्डा प्रिंटरच्या नावाचा. विंडोजमधल्या प्रिंटरवरून बनवलेली पीसी3 त्या प्रिंटरचं नाव धरून बसते. एका मशिनवर नावापुढे ‘कॉपी 1’ लागलेलं असेल तर तिथे ती चालत नाही. सातही ठिकाणी प्रिंटरचं नाव आणि ड्रायव्हर एकच करा.

एवढं झालं की ‘प्रोफाइल्स’ टॅबवर या सगळ्याला ऑफिसचं नाव देऊन ‘एक्स्पोर्ट’ करा. एआरजी फाइल तयार होईल. ती नोटपॅडमध्ये उघडून ‘यूजर्स’ हा शब्द शोधा. एखाद्या पत्त्यात त्या मशिनवरच्या माणसाचं नाव अडकलं असेल तर दुसरीकडे तो पत्ता लागणार नाही, म्हणून तो आधी दुरुस्त करा. बाकीच्या सहा मशिनवर ही फाइल ‘इम्पोर्ट’ करून ‘सेट करंट’ करा. नव्या मुलाच्या मशिनवरही ऑटोकॅड, बॅट फाइल आणि ही एआरजी एवढंच लागेल.

प्रोफाइलमध्ये न मावणाऱ्या थोड्या गोष्टी लिस्पच्या फोल्डरमधल्या ‘अ‍ॅकॅडडॉक’ या एलएसपी फाइलमध्ये लिहा. प्रत्येक ड्रॉइंग उघडताना ती चालते. ‘सेव्हटाइम’ 10 (दर दहा मिनिटांनी आपोआप जतन), ‘आयसेव्हबॅक’ 1 (जुन्या फाइलची राखीव प्रत), ‘फाइलडिया’ 1 (फाइल निवडायची चौकट) या तीन ओळी तरी असाव्यात. एखादी लिस्प अर्ध्यात बंद पडली की ‘फाइलडिया’ शून्यावर राहतं आणि फाइल उघडण्याची चौकटच येईनाशी होते. ही ओळ असली की पुढचं ड्रॉइंग उघडताच ते जागेवर येतं. मात्र ‘एलटीस्केल’, ‘डिमस्केल’, ‘इन्सयुनिट्स’ या तुटक रेषा, मापं आणि एककं ठरवणाऱ्या मूल्यांना इथे हात लावू नका. ती मूल्यं ड्रॉइंगमध्येच जतन होतात. स्ट्रक्चरल सल्लागाराची फाइल नुसती बघायला उघडली तरी तिच्यात बदल होईल. त्यांची जागा टेम्प्लेटमध्ये. ऑटोकॅड एलटी ही कमी सोयींची आवृत्ती वापरत असाल तर लिस्प 2024 च्या आवृत्तीपासूनच चालते.

प्रश्न : डोंबिवलीतल्या आमच्या ऑफिसात वीस संगणक आहेत. नवीन आवृत्ती प्रत्येकावर वेगळी डाउनलोड करताना इंटरनेट दिवसभर अडून राहतं. एकदाच डाउनलोड करून सगळीकडे टाकता येईल का?

उत्तर : येईल. परवाने सांभाळणाऱ्या व्यक्तीनं ऑटोडेस्कच्या खात्यात ‘कस्टम इन्स्टॉल’ विभागात जावं. तिथे आवृत्ती, भाषा, अपडेट सगळं एकदाच निवडता येतं. पुढे ‘इन्स्टॉल’ आणि ‘डिप्लॉय’ असे दोन पर्याय येतात, त्यांतला ‘डिप्लॉय’ घ्या आणि नॅसवरचा पत्ता द्या. एक छोटी फाइल मिळते. ती एकाच संगणकावर चालवली की सगळं सामान नॅसवर उतरतं आणि इन्स्टॉल करणारी बॅट फाइलही तयार मिळते. बाकीच्या मशिनवर ती ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’नं चालवायची.

इथे सर्वांत जास्त फसतं ते ड्राइव्हच्या अक्षरामुळे. नॅस तुम्हाला झेड ड्राइव्ह म्हणून दिसत असेल, पण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेल्या प्रोग्रामला सहसा ते अक्षर दिसत नाही. डिप्लॉयमेंटला पत्ता देताना दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण पत्ताच द्या, आणि तो आखूड ठेवा. फोल्डरात फोल्डर करत गेलात तर फाइलींचे पत्ते विंडोजच्या मर्यादेबाहेर जातात. विंडोजचं अपडेट होऊन रीस्टार्ट राहिला असेल तर आधी तो करून घ्या.

परवान्याचंही सांगायला हवं. 2020 च्या ऑगस्टपासून ऑटोडेस्क जुने नेटवर्क परवाने मागे घेत गेलं आणि आता परवाना माणसाच्या नावावर असतो. एक माणूस तीन संगणकांपर्यंत इन्स्टॉल करू शकतो, वापर एका वेळी एकावरच. दोन पाळ्यांतल्या दोघांना मिळून एक लॉगइन देणं नियमात बसत नाही. इंटरनेट नसलेल्या मशिनवरही 30 दिवसांतून एकदा तरी साइन-इन होऊन परवाना तपासला गेला पाहिजे. खोलीतला जुना संगणक कधीच नेटला जोडत नसाल तर तो नेमका कामाच्या दिवशी अडेल.

प्रश्न : आमच्याकडे प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘अ‍ॅकॅडडॉक’ नावाची लिस्प फाइल आपोआप तयार होते. पुसली तरी परत येते. ही कुठली सेटिंग आहे? — कोल्हापूर

उत्तर : ही सेटिंग नाही, लिस्पमध्ये लिहिलेला व्हायरस आहे. कृपया आजच हाती घ्या. कोणाच्या तरी झिपमधून ड्रॉइंगसोबत अशी फाइल येते, त्या फोल्डरमधलं ड्रॉइंग उघडलं की ती चालते, आणि पुढे उघडलेल्या प्रत्येक ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये व सपोर्ट फोल्डरमध्ये स्वतःची प्रत टाकते. म्हणूनच एक पुसून भागत नाही.

सगळ्या मशिनवर ऑटोकॅड एकाच वेळी बंद करा. नॅससह प्रत्येक ड्राइव्हवर ‘अ‍ॅकॅड’ आणि ‘अ‍ॅकॅडडॉक’ या नावांच्या एलएसपी, एफएएस आणि व्हीएलएक्स (तिन्ही लिस्पचेच प्रकार) फाइली शोधा. तुमची खरी फाइल एका ठरलेल्या फोल्डरमध्येच असेल तर बाकीच्या डोळे झाकून पुसता येतात. खरी फाइलही नोटपॅडमध्ये उघडून बघा, कारण काही व्हायरस तिच्या शेवटी आपल्या ओळी जोडतात. पेन ड्राइव्ह विसरू नका. मग शॉर्टकटच्या पत्त्यापुढे ‘/सेफमोड’ लावून ऑटोकॅड उघडा. त्यात कुठलाही कोड चालत नाही. तिथे अनोळखी कोडला अडवणाऱ्या दोन सेटिंग्ज, ‘सिक्युअरलोड’ 1 किंवा 2 आणि ‘लेगसीकोडसर्च’ 0 आहेत का ते तपासा. ही मूल्यं मुळात अशीच असतात. इशाऱ्याच्या चौकटीचा कंटाळा येऊन कोणीतरी ‘सिक्युअरलोड’ शून्यावर नेतं आणि दार उघडतं. चौकट नको असेल तर फोल्डर ट्रस्टेड यादीत टाका, पहारा उठवू नका. एकाही मशिनवर क्रॅक केलेलं ऑटोकॅड असेल तर ते काढा. अशा प्रतींबरोबर काय काय आत येतं हे कळायला मार्ग नसतो. आणि ज्यांच्याकडून झिप आली त्यांना फोन करा. त्यांचं ऑफिसही याच त्रासात असणार.

प्रश्न : ड्रॉइंगवरच्या मराठी सूचना एका संगणकावर नीट दिसतात, दुसऱ्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. काही जुन्या ड्रॉइंगमध्ये तर इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो. — रत्नागिरी

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत. गिचमिडा म्हणजे ते ड्रॉइंग श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेलं आहे. आत साठवलेली अक्षरं खरोखरच इंग्रजीच्या जागांवर आहेत, मराठी आकार फक्त फॉन्टमुळे दिसतो. नेमका तोच फॉन्ट त्या मशिनवर टाकणं हाच उपाय. चालू कामातल्या सूचना मात्र युनिकोडमध्ये पुन्हा लिहून घ्या. एकदा कष्ट होतील, पण मग फॉन्ट शोधत फिरावं लागणार नाही.

चौकोन आणि प्रश्नचिन्हांची कारणं साधी आहेत. ऑटोकॅडसोबत येणाऱ्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही, तेव्हा त्या टेक्स्ट स्टाइलमध्ये मराठी लिहिलं की प्रश्नचिन्हं उमटतात. टेम्प्लेटमध्येच ‘मराठी’ नावाची वेगळी स्टाइल करा आणि तिला विंडोजचा ट्रूटाइप फॉन्ट द्या. मंगल बहुतेकांच्या ओळखीचा, पण विंडोज 10 पासून तो मूळ इन्स्टॉलमध्ये येत नाही. जुन्या मशिनवर दिसतो आणि नव्या मशिनवर नाही, ते यामुळेच. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ जोडले की तो येतो. त्याहून सोपं म्हणजे निर्मला यूआय वापरणं, तो विंडोज 8 पासून सोबतच येतो. स्टाइल केल्यावर ‘क्षेत्रफळ’, ‘प्रस्तावित’, ‘दुरुस्ती’ असे शब्द लिहून कागदावर छापून बघा. जोडाक्षरं पडद्यावर आणि प्रिंटमध्ये सारखी यायला हवीत.

बाहेरचा फॉन्ट टाकताना फाइलवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडा. नुसतं ‘इन्स्टॉल’ दाबलं की हल्लीचं विंडोज तो फॉन्ट फक्त त्या एका खात्यात ठेवतं. त्याच मशिनवर दुसऱ्यानं लॉगइन केलं की फॉन्ट गायब, आणि काही प्रोग्रामना तर तसा फॉन्ट सापडतच नाही. ग्राहकाला किंवा छपाईला पीडीएफ पाठवताना पीडीएफच्या पर्यायांत फॉन्ट सोबत घेण्याची खूण तपासा. तरीही अक्षरं फुटली तर सगळा मजकूर रेषांमध्ये बदलण्याचा पर्याय आहे. मग त्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाहीत एवढंच.

प्रश्न : विंडोज 11 चं मोठं अपडेट झालं आणि नॅसचं फोल्डरच उघडेना. कालपर्यंत पासवर्डशिवाय उघडत होतं. — सांगली

उत्तर : नॅस बिघडलेला नाही. विंडोज 11 प्रोच्या 24एच2 आवृत्तीपासून पासवर्ड नसलेल्या ‘गेस्ट’ शेअरला मनाई आहे आणि नेटवर्कवरच्या फाइलींच्या प्रत्येक देवाणघेवाणीला डिजिटल सही लागते. ती मनाई रजिस्ट्रीतून उठवायचे उपाय लोक सांगतील, ते करू नका. नॅसवर प्रत्येकासाठी नाव आणि पासवर्ड तयार करा, विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये एकदा नोंदवा, आणि नॅसचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. नाहीतरी वाचण्या-लिहिण्याचे हक्क वेगळे द्यायचे तर ही नावं लागणारच आहेत.

प्रश्न : फोंड्याच्या आमच्या इंटिरिअर ऑफिसात निम्मी मशिन ऑटोकॅड 2023 वर आहेत. बाकीच्यांवर 2026 टाकलं तर चालेल का? आमचं एक जुनं प्लग-इनही (ऑटोकॅडला जोडलेला बाहेरचा प्रोग्राम) आहे.

उत्तर : ड्रॉइंगची अडचण येणार नाही. 2018 पासून 2026 पर्यंत डीडब्ल्यूजीचा, म्हणजे ड्रॉइंगच्या फाइलचा प्रकार तोच आहे. अडचण प्लग-इनची. 2025 च्या आवृत्तीत ऑटोकॅड मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट 8 या पायाभूत प्रणालीवर गेलं, त्यामुळे त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी बनवलेली बरीच प्लग-इन नव्यात चालत नाहीत, त्यांची नवी बांधणी लागते. प्लग-इन देणाऱ्याकडून आधी लेखी होकार घ्या आणि एका मशिनवर आठवडाभर खऱ्या कामासाठी वापरून बघा. तोवर बाकीच्या मशिनना हात लावू नका. नकार आला तर सगळे 2023 वरच राहा. मिश्र आवृत्त्यांमध्ये प्रोफाइल आणि एंटरप्राइज मेनू दोनदा सांभाळावे लागतात, आणि एक संच नेहमी मागे पडतो.

नवीन आवृत्ती पहिल्यांदा उघडताना ती जुन्या सेटिंग्ज आणायच्या का विचारते. तिथे ‘नाही’ म्हणा आणि ऑफिसची नव्यानं केलेली एआरजीच आत घ्या, नाहीतर प्रत्येकाचा जुना पसारा नव्या घरात येतो. विंडोज 10 चा मोफत पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्या मशिनवर नवीन ऑटोकॅड चढवण्याआधी विंडोज 11 चं बघा, म्हणजे तेच काम दोनदा करावं लागणार नाही.